दात गेले, पण कशाने गेले?

साठी उलटली की दात जायचेच, असे आपल्याकडे इतक्या सहजपणे म्हटले जाते की, तोंडाचे बोळके होणे हा एखाद्या रोगाचा परिणाम असेल हे कोणाच्या मनातही येत नाही. केस पिकतात तसे दात पडतात, अशी आपली समजूत. वस्तुतः केवळ वय झाले म्हणून निरोगी दात पडत नाही. दात जातात ते प्रामुख्याने दोन कारणांनी. एक कीड आणि दुसरे हिरड्यांचा रोग, म्हणजेच जुन्या माणसांच्या तोंडी असलेला पायोरिया. मार लागून वा अपघाताने जाणारे दात त्या मानाने थोडे.

रत्नागिरीत दंतवैद्यकीचा व्यवसाय करताना कवळीसाठी येणाऱ्या वृद्धांचे जुने केसपेपर मी नेहमी पाहतो. त्यावर ‘दात काढला’, ‘सर्व दात नाहीत’ एवढाच मजकूर असतो. दात कशाने गेले, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. माझ्या मते ही साधी कारकुनी उणीव नाही. त्यात रुग्णाचे आणि त्याच्या घरच्यांचेही नुकसान आहे.

रोगांची नोंद ठराविक क्रमांकाने करण्याची पद्धत जुनी आहे. १८९३ साली फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तिलाँ यांनी मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. पुढे १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले आणि यादीत मृत्यूच्या कारणांबरोबर इतर आजारही आले. तिच्या दहाव्या आवृत्तीत अपघाताने, काढून टाकल्याने वा हिरड्यांच्या रोगाने गेलेले दात ‘के ०८.१’ या एकाच क्रमांकाखाली आहेत. अमेरिकेने २०१५ पासून वापरात आणलेल्या आपल्या आवृत्तीत मात्र त्याची फोड केली. सर्व दात मार लागून गेले तर ‘के ०८.११’, हिरड्यांच्या रोगाने गेले तर ‘के ०८.१२’, किडीने गेले तर ‘के ०८.१३’. त्यापुढचा आकडा वर्ग सांगतो, पहिला ते चौथा. हा वर्ग ठरवताना जबड्याचे हाड किती उरले आहे याला मोठे महत्त्व असते. खालच्या जबड्याच्या हाडाची उंची एक्स-रेमध्ये २१ मिलिमीटर वा अधिक भरली तर ते पहिल्या वर्गाचे लक्षण, १० मिलिमीटर वा कमी भरली तर चौथ्या वर्गाचे.

हे क्रमांक लावण्याच्या कामाला मेडिकल कोडिंग म्हणतात. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत बसून आपली अनेक मुले-मुली अमेरिकन रुग्णांचे कागद वाचून हे काम करतात. त्यातला पहिला नियम असा की, डॉक्टरने जे लिहिले नाही ते कोडिंग करणाऱ्याने अंदाजाने भरायचे नाही. कारण लिहिलेले नसेल तर ‘कारण अनिर्दिष्ट’ हाच क्रमांक पडणार. कोकणातली मुलगी पुण्यात बसून परदेशातल्या आजीचे दात कशाने गेले ते नोंदवते आणि तिच्या स्वतःच्या आजीच्या केसपेपरवर मात्र ती जागा कोरी राहते.

ही जागा भरली तर काय साधेल?

पहिली गोष्ट घरच्यांची. हिरड्यांचा रोग दुखत नाही, म्हणूनच तो फसवा. दातांवर साचलेल्या थराचे कीटण होते, हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येते. या टप्प्यावर उपचार केले तर हिरडी पूर्ववत होते. दुर्लक्ष केले तर दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते, आणि झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. दात हलू लागतो तेव्हा बरेच हाड गेलेले असते. आजीचे दात पायोरियाने गेले हे कागदावर असेल, तर आई आणि मुलगी वेळीच तपासून घेतील. आपल्याकडे तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री अनेक घरांत सासूकडून सुनेकडे येते. ‘मिश्रीने दात घट्ट होतात’ असे त्या एकमेकींना सांगतात. तंबाखू हिरड्यांना आणि एकूणच तोंडाला घातक आहे, कर्करोगाचा धोका तर आहेच. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे त्यांचा रोग आणखी लपून राहतो.

दुसरी गोष्ट मधुमेहाची. मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा रोग बळावतो, आणि हिरड्यांचा रोग असला तर साखर आवरणे कठीण जाते. एकामागून एक दात हलू लागले असतील, तर रक्तातील साखर तपासणे शहाणपणाचे.

तिसरी गोष्ट कवळीची. हिरड्यांच्या रोगात हाड आधीच झिजलेले असते. दात गेल्यावर ते आणखी झिजत राहते. खालची कवळी बसत नाही म्हणून ती डबीत पडून राहते आणि माणूस पेजेवर, फार तर बरक्या फणसावर येतो. कापा फणस आणि सुका बांगडा त्याच्या नशिबातून जातात. कवळी नीट का बसत नाही, याचे उत्तर पुष्कळदा त्या न लिहिलेल्या कारणात असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे २३ टक्क्यांना एकही दात नसतो. आपल्या सरकारनेही २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना द्यायच्या साहित्यात कवळीचा समावेश केला, ही चांगली गोष्ट आहे. परंतु कवळ्या वाटताना दात कशाने गेले हे टिपून ठेवले नाही, तर पुढच्या पिढीलाही कवळ्याच वाटाव्या लागतील. २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली आरोग्याच्या नोंदी संगणकावर आणण्याचे काम सुरू झाले. कोरा कागद संगणकावर चढवला तरी तो कोराच राहणार. म्हणून शासकीय असो वा खाजगी, प्रत्येक दवाखान्याने दात काढताना कीड, हिरडी की मार, एवढा एक शब्द तरी लिहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

वाचकांनीही काही पथ्ये पाळावीत. ब्रश करताना रक्त आले तर ब्रश थांबवू नये, दंतवैद्याला दाखवावे. दात साफ करून घेतल्याने हलतात ही भीती सोडावी. दात आधीच खिळखिळे असतात, कीटण निघाल्यावर ते ध्यानात येते इतकेच. मिश्री आणि राखुंडी बंद करून दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात घासावेत. आणि दात काढून घेताना डॉक्टरांना जरूर विचारावे, “डॉक्टर, हा कशाने गेला? तेवढे कागदावर लिहून द्या.”