पदविकेची हुंडी

बी. कॉम.च्या वर्गात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला आता तीन वर्षांची एकच सलग वाट चालावी लागत नाही. पहिल्या वर्षाअखेर त्याला प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते, दुसऱ्या वर्षाअखेर पदविका घेऊन, तिसऱ्या वर्षाअखेर पदवी घेऊन. चौथे वर्ष पुरे केले तर ऑनर्सची पदवी पदरात पडते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही व्यवस्था सांगितली आणि महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ पासून व संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. राज्यकारभार व निवडणुका यांची जागा असलेल्या पहिल्या पानावर असा रुक्ष विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. परंतु ज्या घरांतून मुलगा किंवा मुलगी कमावती होण्याची वाट पाहिली जाते त्या घरांना हा विषय रुक्ष वाटणार नाही. बाहेर पडण्याचा दरवाजा सरकारने रुंद केला आहे. परत आत येण्याच्या दरवाजाचे काय, हा आमचा प्रश्न आहे.

दोन वर्षांनी थांबण्याची कल्पना आपल्याकडे अगदीच नवी नाही. जुन्या चार वर्षांच्या पद्धतीत इंटरची परीक्षा असे आणि ‘इंटर कॉमर्स’ झालेला तरुण कारकुनी मिळवून कुटुंबाला हातभार लावी. त्या दोन शब्दांना बाजारात किंमत होती, कारण मॅट्रिकवाल्यालाही नोकरी मिळण्याचा तो काळ होता. आज बँकेतील साध्या कारकुनाच्या जागेलाही पदवी लागते आणि राज्यसेवेच्या परीक्षेला बसायलाही पदवीच लागते. अशा काळात दोन वर्षांची पदविका हातात घेऊन निघालेल्या मुलाला तिचा खरा उपयोग एकच : पुढे केव्हातरी तिच्या आधारे पदवी पुरी करणे. तो उपयोग होणार नसेल तर ती पदविका म्हणजे सन्मानाने दिलेली रजाचिठ्ठी होय.

पदविका या शब्दाविषयी आमच्या वर्गाच्या मनात जी अढी आहे तिला इतिहासाचा आधार नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. १९१३ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले तेव्हा वाणिज्याचे शिक्षण विद्यापीठीय प्रतिष्ठेला पात्र आहे काय, हाच वादाचा मुद्दा होता. पुढे १९१८ साली मुंबई सरकारने हिशेबशास्त्राची सरकारी पदविका, म्हणजे जी. डी. ए., सुरू केली. परीक्षा आणि तीन वर्षांची उमेदवारी यांतून गेलेल्या माणसाला हिशेब तपासनीस म्हणून देशभर व्यवसाय करण्याचा अधिकार त्या पदविकेने मिळे. १९४९ च्या कायद्याने चार्टर्ड अकौंटंट हा वर्ग निर्माण झाला, त्याच्या आधीची ही पायरी होती. सहकार खात्याची जी. डी. सी. अँड ए. ही पदविका तर आजही सहकारी संस्थांच्या हिशेब तपासणीत मान मिळवून आहे. ज्या पदविकेमागे कसोशीची परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव उभा राहिला तिला व्यापारी जगाने कधी नाकारले नाही. विवाहाच्या जाहिरातींत तिला भाव नसेल. ती गोष्ट वेगळी.

नव्या व्यवस्थेत प्रत्येक विषयाला श्रेयांक आहेत आणि विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक त्याच्या नावे जमा राहावेत म्हणून २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची एक पेढीही उघडली. दोन वर्षांत किमान ८० श्रेयांक जमले की पदविका, तीन वर्षांत १२० जमले की पदवी, असा हिशेब. कल्पना उत्तम आहे. पण वाणिज्याच्या विद्यार्थ्याला कोणी शिकवायला नको की हुंडीची किंमत तिच्या कागदावर नसते. समोरची पेढी ती सकारते की नाही, यावर असते. नाशिकच्या पेढीवर लिहिलेली हुंडी मुंबईत परत आली तर धारकाने दाद कोणाकडे मागावी? एका विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात जे गौण विषय आहेत ते दुसऱ्या विद्यापीठात नसतात. कोठे सांख्यिकी आधी शिकवितात तर कोठे प्राप्तिकराचा कायदा. ‘तुमचे सहा श्रेयांक कमी पडतात, दोन विषय पुन्हा करा’ असे एका वाक्यात सांगून कारकून मोकळा होतो, आणि दिवसभर दुकानाच्या वह्या लिहून संध्याकाळी चौकशीला आलेला तो मुलगा पुन्हा त्या खिडकीकडे फिरकत नाही.

त्यातही अट काय आहे पाहा. आयोगाने २०२२ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केलेल्या आराखड्याप्रमाणे पदविका घेऊन बाहेर पडणाऱ्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत चार श्रेयांकांचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा करावा. त्याने तीन वर्षांच्या आत परत यावे आणि एकूण सात वर्षांत पदवी संपवावी. ज्याने हे नियम लिहिले त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा असा विद्यार्थी असावा की जो दोन वर्षे शिकून थोडे जग पाहायला निघाला आहे. आमच्या शहरात शिक्षण असे सुटत नाही. वडिलांची गिरणी बंद पडली, आई अंथरुणाला खिळली, धाकट्या भावंडांची फी भरायची आहे, मुलीचे लग्न ठरले, अशा कारणांनी ते सुटते. त्या घाईत उन्हाळी अभ्यासक्रम कोण करील? एखादा विषय राहिला असेल तर ८० श्रेयांक तरी कोठून भरतील? म्हणजे ज्याला पदविकेची सर्वांत अधिक गरज तोच तिला मुकण्याचा संभव अधिक.

आणि तीन वर्षांची मुदत! धाकट्या भावाला मार्गी लावून, कर्जाचा बोजा थोडा हलका करून माणूस स्वतःच्या शिक्षणाकडे वळतो तो सव्विसाव्या किंवा तिसाव्या वर्षी. पाठोपाठची दोन बाळंतपणे आवरून स्त्री पुस्तकाला हात लावते तेव्हा तिची मुदत केव्हाच टळलेली असते. हिशेबाचे मूलतत्त्व दहा वर्षांत बदलत नाही; जमा आणि नावे या बाजू पूर्वी होत्या तेथेच आहेत. कर आणि कंपनीविषयक कायदे बदलतात हे खरे, पण त्यासाठी तेवढाच भाग नव्याने शिकवावा; जमा झालेले सारे भांडवल बुडीत खाती टाकण्याचे कारण नाही.

या बाबतीत अभियांत्रिकीने वाणिज्याला मागे टाकले आहे. तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेल्या मुलाला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. त्यासाठी दरवर्षी रीतसर प्रवेशप्रक्रिया होते, आणि आता या गोष्टीचे कोणाला नवल वाटत नाही. खेड्यापाड्यांतील कितीतरी मुले या वाटेने अभियंते झाली. वाणिज्यासाठी इतकी मळलेली वाट का नसावी? यंत्रशाळेत शिकलेले हात विद्यापीठाला चालतात, आणि पाच वर्षे वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरून पक्का झालेला मुलगा मात्र पुन्हा पहिल्या धड्यापासून बसावा, हे तर्कात बसत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने कामाच्या अनुभवालाही श्रेयांक देण्याचे तत्त्व मान्य केले आहे. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी ते वाणिज्यात आधी राबवावे, कारण अनुभव आणि अभ्यासक्रम यांचे इतके निकट नाते दुसऱ्या फार थोड्या शाखांत सापडेल.

दर्जा घसरेल, अशी हाकाटी होईल. ती आम्ही अगदीच हसण्यावारी नेत नाही. वाटेल त्या संस्थेने वाटेल ती पदविका विकावी आणि विद्यापीठाने डोळे मिटून ती स्वीकारावी, असे कोणी म्हणणार नाही. शिकवण्यांच्या बाजारात चकचकीत नावांच्या पदविका किती आणि कशा मिळतात हे सर्वांना ठाऊक आहे. त्यावर उपाय प्रवेशपरीक्षेचा आहे. परत येणाऱ्याची हिशेब, कायदा आणि अर्थशास्त्र या विषयांत कसून परीक्षा घ्यावी, जो उतरेल त्याला तिसऱ्या वर्षात बसवावे. वर्षे मोजण्यापेक्षा ज्ञान मोजणे अवघड आहे खरे, पण विद्यापीठे त्यासाठीच असतात.

तूर्त तीन गोष्टी तातडीने करण्याजोग्या आहेत. परत येण्याची मुदत नोकरी करणाऱ्यांसाठी किमान दहा वर्षे करावी. सकाळच्या व रात्रीच्या वर्गांत तिसऱ्या वर्षाच्या काही जागा अशा विद्यार्थ्यांसाठी राखाव्यात. जागा नाही म्हणून हुंडी परत गेली तर दोष धारकाचा नाही. आणि पदविकेच्या कागदाच्या पाठीवर सरळ मराठीत छापावे, की या पदविकेवर कोणकोणत्या विद्यापीठांत, किती श्रेयांक धरून, कोणत्या वर्षापर्यंत प्रवेश मिळेल, आणि नाकारल्यास तक्रार कोठे करावी. पहिल्या दोन गोष्टींना आयोगाची आणि मंत्रालयाची संमती लागेल. तिसरीला केवळ कुलगुरूंची सही आणि छापखान्याची शाई पुरेशी आहे.