जाहीर आवाहन : मंडळीची जागा सभासदांच्या पाठीमागे बदलू नये

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांपुढे आज नव्या जागेचा प्रश्न उभा आहे तो वाढीमुळे. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत 1813 मध्ये आणि अहमदनगरात 1831 मध्ये सुरू झाले. मिशनच्या काळातली अनेक मंदिरे शहरांच्या जुन्या भागांत राहिली आणि सभासदांची घरे कल्याण-विरारकडे, पुण्यात पिंपरी-चिंचवडकडे सरकली. उपासनेला येण्यात अर्धा रविवार जातो, संडेस्कूल व्हरांड्यात भरते आणि नाताळला निम्मी मंडळी अंगणात उभी असते. स्थलांतराचा विचार म्हणूनच रास्त आहे.

संताप आणणारी गोष्ट आहे ती निर्णयाची रीत. उपासनेनंतरच्या सूचनांत एका वाक्यात सांगितले जाते की जागा ठरली आणि इसारही दिला. ठराव कोणत्या सभेत झाला, मूल्यांकन कोणी केले, जुन्या जागेचे काय, हे विचारणाऱ्याला मंडळीत फूट पाडणारा ठरवले जाते. आजीआजोबांनी मूठमूठ धान्य अर्पण करून उभारलेली मालमत्ता चार सह्यांनी हातची जाते. आणि सर्वसाधारण सभेला कोरम भरत नाही, हा दोष सभासदांचाच आहे.

कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 नुसार नोंदणीकृत न्यासाची स्थावर मालमत्ता विकणे, बदलून घेणे किंवा दान देणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय वैध ठरत नाही. बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देतानाही ही मंजुरी लागते. अर्जात विक्रीची गरज आणि न्यासाचे हित मांडावे लागते, सोबत तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवाल जोडावा लागतो. 2017 च्या दुरुस्तीने मागाहून मंजुरीची सोय केली, पण ती अपवादात्मक परिस्थितीसाठी आहे. घाईघाईने उरकलेल्या व्यवहारांना तिचा आडोसा मिळू नये.

जुनी जागा सोडल्यावर काय होते, हे अंधेरीत दिसते. 1579 मध्ये उभे राहिलेले संत योहान बाप्तिस्ताचे चर्च साथीच्या रोगामुळे 1840 मध्ये सोडावे लागले आणि मंडळी मरोळला गेली. तिथे ती वाढली. जुने अवशेष मात्र आज सीप्झ या औद्योगिक क्षेत्राच्या कुंपणाआड आहेत आणि भाविकांना मनात येईल तेव्हा तिथे जाता येत नाही. त्या लोकांना साथीने उठवले होते. आजच्या मंडळ्यांना तशी कोणतीही सबब नाही.

‘बिल्डर चर्च फुकट बांधून देतो’ हा युक्तिवाद टिकत नाही, कारण त्याची किंमत जमिनीतूनच वसूल होते. कागद मागितल्याने साक्ष बिघडते, हे म्हणणेही उत्तर देण्याच्या लायकीचे नाही.

प्रत्येक सभासदाने पुढील सर्वसाधारण सभेला हजर राहावे आणि जागेचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर लेखी मागावा. गरज मोजताना सणांची गर्दी धरू नये. वर्षभराची सरासरी उपस्थिती, संडेस्कूलची पटसंख्या आणि कुटुंबांचे राहते पत्ते धरावेत. दुसरी उपासना सुरू करून भागते का, ते आधी पाहावे. नव्या जमिनीचा सातबारा, फेरफार, विकास आराखड्यातील झोन आणि पोहोचरस्ता तपासल्याशिवाय इसार देऊ नये. शेतजमीन असेल तर कूळकायद्याचे कलम 63 आड येते, कारण बिगरशेतकऱ्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. कब्रस्तान विक्रीच्या बोलणीत येताच कामा नये. मंजुरीचा अर्ज दाखल झालाच असेल, तर कलम 73अ खाली हितसंबंधी व्यक्ती म्हणून पक्षकार होता येते. तरुण सभासदांनी हे काम अंगावर घ्यावे. पाळकांचा पगार स्वतःच्या दशमांशातून दिलेल्या मंडळ्यांना इतके सहज जमेल.

मंजुरीनंतर विक्रीची रक्कम न्यासाच्याच बँक खात्यात जमा करावी, बांधकाम निधीचा हिशेब दर तीन महिन्यांनी सूचनाफलकावर लावावा आणि मालमत्तेतील बदलाचा अहवाल कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा.