संघ कोणाचा?

खेळाच्या संघास एखाद्या कारखान्याचें नांव असलें म्हणजे तो संघ त्या कारखान्याच्या मालाची जाहिरात होय, असें आपण सहज समजतों. जपानांतील रग्बीविषयीं वाचतांना हा समज दृढ होण्याचाच संभव अधिक. कारण तेथील बहुतेक मोठे संघ पोलाद, मोटारी, विजेचीं यंत्रें इत्यादि तयार करणाऱ्या कंपन्यांनींच काढलेले आहेत. परंतु त्यांपैकीं एका संघाचा इतिहास पाहिला तर ही समजूत फारच अपुरी आहे, असें मला वाटतें. तें कां, हें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

कामाइशी हें जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरील, इवाते प्रांतांतील एक लहान शहर. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस पॅसिफिक महासागर, आणि मध्यें मासे व लोखंड यांवर जगणारी वस्ती. पाश्चात्य धर्तीच्या भट्टींत लोहपाषाण वितळविण्याचें काम ओशिमा ताकातो यानें 1857 सालीं याच परिसरांत सिद्धीस नेलें. येथील फुजी पोलाद कंपनीच्या कारखान्यांत 1959 सालीं रग्बीचा संघ निघाला. पुढें 1970 सालीं ही कंपनी निप्पॉन स्टीलमध्यें विलीन झाली व संघासही तेंच नांव मिळालें.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांस तो निव्वळ दांडगाईचा वाटतो. प्रत्येक बाजूस पंधरा गडी, चेंडू लांबट, आणि मौजेचा नियम असा कीं, हातानें चेंडू देणें तो पुढें देतां येत नाहीं. म्हणजे पुढें धांवणाऱ्याची सारी भिस्त मागून येणाऱ्यांवर! या खेळांत कामाइशीच्या संघानें 1979 पासून 1985 पर्यंत लागोपाठ सात वर्षें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. मात्सुओ यूजी यासारखा विद्यापीठांत नांव कमावलेला गडी एखादाच. बहुतेक गडी त्याच भागांतील हायस्कुलांतून निघून कारखान्यांत कामास लागलेले तरुण होते. अंतिम सामना टोकियोस, विद्यापीठांच्या विजेत्या संघाशीं होत असे. त्या वेळीं कामाइशीचे लोक भरघोस मासे घेऊन परतणाऱ्या होड्यांवर लावावयाचीं मोठमोठीं रंगीत निशाणें तेथें नेऊन फडकवीत. पोलादाच्या कारखान्याचा संघ, आणि निशाणें कोळ्यांचीं!

हे दिवस टिकले नाहींत. 1989 सालीं तेथील शेवटची झोतभट्टी बंद झाली. 2001 सालीं कंपनीनें संघ आपल्या हातून सोडला आणि गांवानें तो ‘सीवेव्हज’ या नांवानें उभा ठेवला. कंपनीस सर्वस्वीं दोष देणें मला योग्य वाटत नाहीं. भट्टी विझल्यावर जुना खर्च पेलणें सोपें नव्हे. पण हरणारा संघ पदरीं घेणाऱ्या गांवाचें मोल मी सात विजयांहून अधिक समजतों.

मग 11 मार्च 2011 चा भूकंप झाला व समुद्र गांवांत शिरला. कामाइशींतील हजाराहून अधिक माणसें मेलीं किंवा बेपत्ता झालीं. ऊनोसुमाई येथें लहान व मोठ्या मुलांच्या दोन शाळा शेजारीं शेजारीं होत्या. मोठीं मुलें डोंगराकडे धांवलीं, लहानांचे हात त्यांनीं धरले; ठरलेली जागा सुरक्षित न वाटल्यामुळें तीं आणखी वर गेलीं, आणि शाळेंत असलेलीं सुमारें 570 मुलें वांचलीं. यास ‘चमत्कार’ म्हणण्याची चाल पडली आहे. मला तो शब्द रुचत नाहीं. त्या मुलांनीं असें धांवण्याचा सराव पूर्वीं अनेकदां केला होता. संघाचे गडीही त्या दिवसांत मदतीचें सामान वाहूं लागले. परदेशी गड्यांस मायदेशीं परतण्याची सोय असतां ऑस्ट्रेलियाचा स्कॉट फार्डी तेथेंच राहिला.

त्या दोन शाळांच्या जागीं 2018 सालीं क्रीडांगण उघडलें. शाळा उंचावर नेल्या होत्या. घरें आधीं, मैदान मग, असें कित्येक रहिवाशांचें म्हणणें होतें. हा आक्षेप कोता म्हणणें अन्यायाचें होईल. ज्याचें छप्पर गेलें त्यास प्रेक्षकांच्या बांकांचें काय कौतुक? तथापि नुसतीं घरें बांधून गांव पुनः उभें राहतें असेंही मला वाटत नाहीं. 25 सप्टेंबर 2019 रोजीं जागतिक स्पर्धेंत तेथें उरुग्वेनें फिजीस 30 विरुद्ध 27 असें हरविलें, तेव्हां 14,000 हून अधिक लोक जमले होते. पुढचा सामना 13 ऑक्टोबरास नामिबिया व कॅनडा यांचा; तो वादळामुळें रद्द झाला, आणि कॅनडाचे गडी फावडीं घेऊन रस्त्यांतील चिखल उपसावयास गेले.

2022 च्या जानेवारींत ‘लीग वन’ ही नवी स्पर्धा सुरू झाली, तेव्हां सीवेव्हजला दुसऱ्या विभागांत जागा मिळाली. अलीकडे कंपनीचें नांवही संघास पुनः जोडलें गेलें आहे. सात विजयांचे दिवस परतले नाहींत. पण सामन्याच्या दिवशीं तीं कोळ्यांचीं निशाणें मैदानावर अजून येतात.