खीळ बोटे वाचवते, कायदा तिला शस्त्र म्हणतो

१/ घडीच्या चाकूचे पाते उघडल्यावर पक्के धरून ठेवणारी खीळ ही शस्त्राची खूण आहे, असा समज रूढ आहे. इंग्लंडमध्ये त्याला न्यायालयाचीही मान्यता आहे. खिळीचा इतिहास मात्र याच्या नेमका उलट आहे. (धागा)

२/ जुन्या शेफील्डी चाकूला खीळ नव्हतीच. मुठीच्या पाठीतली पोलादी पट्टी पात्याचे बूड दाबून धरी, एवढेच. टोकाने भोक पाडताना पाते उलट दाबले गेले की ते मिटे आणि वाटेत बोटे असत.

३/ फ्रान्सच्या सावॉय प्रांतातला ओपिनेल हा १८९०च्या सुमाराचा, कष्टकऱ्यांचा स्वस्त चाकू. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी त्याला फिरते कडे बसवले. कडे फिरवले की पात्याचा मिटण्याचा मार्ग बंद. उणीव एकच : फिरवायला विसरले तर कडे असून नसल्यासारखे.

४/ ती उणीव १९६०च्या दशकात अमेरिकेतील बकच्या '११०' या चाकूत नव्हती. पाठीतल्या दांडीचा दात पात्याच्या खाचेत आपोआप बसे. मिटवायला मात्र बहुधा दोन्ही हात लागत.

५/ १९८०च्या दशकात मायकेल वॉकर यांनी मुठीच्या आतली पट्टीच पात्यामागे टेकवली. चाकू एका हाताने मिटू लागला, पण अंगठा पात्याच्या वाटेत आला. बेंचमेडच्या १९९८ च्या 'ॲक्सिस' रचनेतील आडव्या कांडीने तोही बाजूला काढला. प्रत्येक टप्प्यावर प्रश्न वापरणाऱ्याच्या हाताचा होता.

६/ इंग्लंडच्या १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टचे कलम १३९ तीन इंचांपर्यंतच्या घडीच्या चाकूला सूट देते. १९९०च्या दशकातील 'हॅरिस' खटल्याने ठरवले की खीळ असलेला चाकू या सवलतीत बसत नाही. सुताराला कामाचे कारण सांगता येते, पण ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच. म्हणजे बोटांवर मिटणारा चाकू निर्दोष आणि न मिटणारा संशयित!

७/ आक्षेप असा की खीळ भोसकणाऱ्याच्याही उपयोगी पडते. खरे आहे, स्पेनच्या नावाहाची करकरणारी दातेरी खीळ द्वंद्वांच्या कथांतूनच प्रसिद्ध झाली. पण वार करू पाहणाऱ्याला खीळ शोधावी लागत नाही. स्वयंपाकघरातली सुरी मिटतच नाही.

८/ आपल्याकडील रामपुरीची दहशत खटका दाबताच उघडणाऱ्या पात्याची. झटकन उघडणे आणि उघडल्यावर न मिटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर निर्बंध घालण्यास कारण आहे. दुसरीवर घातले, तर शिक्षा सावधगिरीला होते. कायद्याने लांबी मोजावी, हेतू तपासावा. खिळीला आरोपी करू नये.