हौस गाडीची, सोय कुणाची?

नवरात्र संपता संपता एका रात्री जेवणं आटोपल्यावर लेकाने माझ्यापुढे एक कागद सरकवला. मला वाटलं, क्लासची फी असेल. बघते तर आमच्या अल्टोच्या साजशृंगाराची यादी! १४ इंची अलॉय व्हील्स, मागे स्पॉयलर, घुमणारा सायलेन्सर, जास्त वॅटचे दिवे, काचांना काळी फिल्म आणि लाल-काळी सीट कव्हर्स. खाली बेरीजही करून ठेवलेली. ४२ हजार रुपये! आणि हे सगळं दिवाळीच्या आत व्हायला हवं. दिवाळी पहाटेला फडके रोडच्या गर्दीत गाडी शिरतच नाही, हे डोंबिवलीत वाढलेल्या पोराला ठाऊक नाही असं थोडंच आहे? पण हौसेला मोल नसतं म्हणतात ना!

ह्यांनी पेपरातून मान वर न करता ‘बघा तुम्ही मायलेक’ म्हणून विषय संपवला. मीही लगेच ‘नाही’ म्हटलं नाही. नव्या साडीला मॅचिंग ब्लाऊज शिवल्याशिवाय आपल्याला तरी कुठे चैन पडतं? सेकंडहॅण्ड घेतलेली गाडी आपली वाटावी म्हणून तिला थोडं नटवलं, तर त्यात गैर काय? मी एवढंच म्हटलं, “कागद माझ्याकडे राहू दे. दोन दिवसांनी सांगते.”

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या भाऊंकडे गेले. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून एकेक ओळ समजावून सांगितली. आमच्या गाडीच्या टायरवर १४५/८० आर १२ असं लिहिलेलं आहे. म्हणजे टायरची रुंदी १४५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के आणि आतली रिम १२ इंचांची. रिम मोठी केली की टायरची रबरी कड बारीक करावी लागते, नाहीतर चाक वर घासतं. आणि खड्ड्याचा दणका झेलते ती हीच कड. ती बारीक झाली की दणका थेट रिमला आणि मग आपल्या कंबरेला. पावसाळ्यात कल्याण-शीळ रस्ता किंवा घोडबंदर रोड ज्यांनी पाहिलाय, त्यांना आणखी सांगायला नको. शिवाय रुंद टायरने स्टिअरिंग जड होतं, पेट्रोल जास्त लागतं. चाकाचा एकूण घेर बदलला तर स्पीडोमीटरही चुकीचा वेग दाखवायला लागतो.

“आणि सायलेन्सर?” मी विचारलं. भाऊ हसले. “ताई, आवाजाने गाडी पळत नाही.” आठशे सीसीच्या इंजिनाची ताकद त्याने नावालाच वाढते, वाढतो तो शेजाऱ्यांचा त्रास. त्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला तर धूर वाढतो आणि गाडी पीयूसीला नापास होते. आमच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर चार महिन्यांचं बाळ आहे आणि तिसऱ्यावर बायपास झालेले काका. रात्री साडेअकराला खाली गाडी गुरगुरली तर काय होईल, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

दिव्यांचंही तसंच. गाडीत साधारण ६०/५५ वॅटचा बल्ब असतो. तिथे १०० वॅटचा बसवला की मूळ वायरी तापतात, होल्डर वितळतो, वेळप्रसंगी आगही लागते. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते ती वेगळीच. उजेड कमी पडतो तो बहुतेक वेळा दिव्याची काच पिवळी पडल्यामुळे किंवा त्याची दिशा बिघडल्यामुळे. पॉलिश करून दिवे नीट लावून घेतले की बरंचसं काम भागतं. ‘गाडी ओढत नाही’ ही तक्रारही एअर फिल्टर, प्लग, टायरमधली हवा आणि अलाइनमेंट एवढ्यावर बऱ्याचदा मिटते.

आता थोडं कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत बेकायदा बदलाला, दर बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आणि ही शिक्षा गाडीच्या मालकाला! आमच्या आरसीवर नाव माझं आहे, मैत्रिणींनो. काळ्या फिल्मवर तर २०१२मध्येच सर्वोच्च न्यायालयाने बडगा उगारला. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार जायला हवा, असा नियम आहे. पुढे लावायच्या लोखंडी गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७मध्ये बंदी आणली, कारण धडकेत पायी चालणाऱ्याला ते जीवघेणे ठरतात आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा आणतात.

म्हणजे काहीच करायचं नाही का? करायचं की! पूर्ण रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करून घ्यायची. सीएनजी किट बसवायचं तर मान्यताप्राप्त बसवायचं, आरसीवर चढवून घ्यायचं आणि टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करायची. गाडीत जे काही नवं बसेल ते विमा कंपनीला कळवायचं. न कळवलेला बदल निघाला तर ऐन गरजेच्या वेळी क्लेम अडतो.

घरी आले, पण मनात वेगळाच प्रश्न घोळत होता. यादीतल्या सहापैकी पाच वस्तू बाहेरून बघणाऱ्यांसाठी होत्या. आत बसणाऱ्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मग मी दुसरा कोरा कागद घेतला.

सासूबाई म्हणाल्या, “मला चढताना धरायला काहीतरी हवं गं. दर वेळी दार पकडते आणि बोट चेमटेल अशी भीती वाटते.” माझं मागणं डाव्या आरशाचं. आमचं साधं मॉडेल, त्याला आरसा फक्त उजवीकडे. डावीकडून रिक्षा आणि बाइक घुसतात, त्या अंदाजानेच ओळखायच्या! पाच वर्षं मी तशीच चालवतेय आणि कधी बोलले नाही. का नाही बोलले, हे माझं मलाच कळेना. आमच्या बचत गटातली एक जण डब्यांच्या व्यवसायासाठी गाडी शिकली. उंची कमी म्हणून तिला बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. तिला हवी होती एक घट्ट, न सरकणारी, बांधून ठेवलेली गादी. नवऱ्याने हौसेने लावून आणल्या दारांना चकचकीत क्रोमच्या पट्ट्या! दोघांची नियत चांगलीच होती, फक्त विचारायचं राहून गेलं.

शेवटी लेकीला विचारलं. ती म्हणाली, “आई, मागचे सीट बेल्ट कुठे गेले?”

आम्ही सगळे खाली गेलो आणि मागचं सीट कव्हर उचललं. बेल्टची दोन्ही बकलं खाली दडपलेली. सोबत एक पाच रुपयांचं नाणं आणि वाळलेलं बिस्किट. गाडी घेतली त्या आठवड्यात आम्ही पहिली सजावट केली ती सीट कव्हर्सची, आणि त्याच दिवशी मागचे बेल्ट बंद झाले. पाच वर्षं सासूबाई आणि लेक बेल्टशिवाय ठाण्याला, नाशिकला, गावाला जाऊन आल्या. माझ्या अंगावर काटाच आला.

४ सप्टेंबर २०२२ आठवतो ना? आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी महागडी होती, एअरबॅगा होत्या, पण मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. ते दोघेही वाचले नाहीत. पुढे दोघं होते, ते जखमी झाले, पण वाचले. मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे. तरी बेल्ट न लावता सूचनेचा आवाज बंद करणारी क्लिप बाजारात मिळतच होती. मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांविरुद्ध आदेश काढावे लागले. आणि आपल्याकडे मागे कोण बसतं? आपण, मुलं आणि म्हातारी माणसं. मांडीवर बाळ घेऊन बसलेली आई तर हमखास मागेच.

अशाच दोन-तीन साध्या गोष्टी त्या दिवशी नव्याने लक्षात आल्या. पायाखालची सुटी मॅट सरकून ब्रेकखाली अडकू शकते, ती हुकात अडकवलेलीच हवी. सैल स्टिअरिंग कव्हर वळणावर हातात फिरतं. ज्यांच्या गाडीत डावीकडे एअरबॅग आहे त्यांनी तिच्या झाकणावर बाप्पाची जड मूर्ती चिकटवू नये. एअरबॅग उघडली तर ती समोरच्याच्या अंगावर येईल. बाप्पासाठी दुसरी जागा शोधावी, तो रागावणार नाही.

आमचा समझोता असा झाला. डावा आरसा, सासूबाईंसाठी दाराच्या वरचं हॅण्डल, मूळ मापाचे दोन नवे टायर, दिव्यांना पॉलिश आणि बकलांसाठी खाचा ठेवून शिवलेली सीट कव्हर्स. रंग मात्र लेकाच्या पसंतीचा, लाल-काळाच. वर त्याला चांगले व्हीलकॅप आणि बऱ्यापैकी म्युझिक सिस्टीम. खर्च त्याच्या बेरजेच्या निम्म्याहून थोडा जास्त. दोन दिवस स्वारी घुश्श्यात होती. तिसऱ्या दिवशी आजीला नव्या हॅण्डलला धरून बसवताना ‘लाव गं बेल्ट’ म्हणाला, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होते.

मैत्रिणींनो, येत्या रविवारी एवढंच करा. खाली जा, गाडीचं मागचं सीट कव्हर उचला आणि बेल्टची बकलं सापडतात का बघा. मग चहाच्या वेळी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर तुमचं मागणं सगळ्यांत आधी लिहा.