‘पर्यंत’ म्हणजे नक्की किती?

नेट स्लो झालं की आपण काय करतो? राउटर बंद-चालू करतो. मग केबलवाल्या दादांना फोन. पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, “आमच्याकडून तर बरोबर दिसतंय.” झालं, विषय संपला. रिचार्जचे पैसे मात्र पूर्ण जातात.

दहिवलीत बसून मुंबई-पुण्याच्या कंपनीला ऑनलाइन मुलाखत द्यायची असेल, तर विषय असा संपवून चालत नाही. कर्जतची पहाटेची लोकल वाचते हे खरं, पण ऐन उत्तराला स्क्रीन गोठली तर समोरच्याला आपलीच तयारी कच्ची वाटते.

“नेट स्लो आहे” ही झाली कुरकुर. “मंगळवारी रात्री साडेनऊला १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर ११ मिळाले” हा पुरावा. तोही एकदाचा नको, किमान आठवडाभराचा हवा. स्पीडटेस्ट ॲप जुन्या चाचण्यांची नोंद ठेवतं. कॉम्प्युटरवाल्यांनी त्याचीच कमांड-लाइन आवृत्ती टाकून दर दोन तासांनी आकडा फाइलमध्ये जाईल अशी छोटी स्क्रिप्ट लिहावी. दर पाच मिनिटांनी नको बरं का! ५० एमबीपीएसच्या लाइनवर दहा सेकंदांच्या डाउनलोड चाचणीतच साधारण ६२ एमबी डेटा उडतो.

मोजताना लॅपटॉप राउटरला थेट लॅन केबलने जोडा. दोन भिंतींपलीकडच्या वाय-फायवर घेतलेला आकडा दाखवलात, तर कंपनी दोष तुमच्या भिंतींना देईल, आणि ते चूकही नसेल. तेव्हा घरात कुणाची वेब सिरीज डाउनलोड होत नाहीये ना, तेही बघा. आणि एक हिशेब पक्का करा: १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० नव्हे, साडेबारा मेगाबाइट. काही भांडणं इथेच मिटतील.

मुलाखतीसाठी स्पीडपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे लाइन सलग टिकणं. व्हिडिओ कॉलला दोन-चार एमबीपीएस पुरतात. अडतं ते मधेच पाकिटं गळाल्यावर. त्यासाठी पिंग चालू ठेवा. डेटा जवळपास लागत नाही आणि लाइन कितीला तुटली ते कळतं. वीज गेली तेव्हाच्या नोंदी वेगळ्या काढा, नाहीतर महावितरणचा हिशेब नेट कंपनीच्या नावावर चढेल.

आता जाहिरातीतला तो शब्द बघा: “१०० एमबीपीएसपर्यंत”. सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान ५१२ केबीपीएस होतं, २०२३ मध्ये ते २ एमबीपीएस झालं. म्हणजे तुमच्या शंभरच्या प्लॅनवर तीन मिळाले तरी ते कागदोपत्री ब्रॉडबँडच! आमचं म्हणणं साधं आहे, जिथे “पर्यंत” छापता तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत “किमान” किती तेही छापा.

तोवर तक्रार फोनवर नुसती बोलून सोडू नका, डॉकेट नंबर मागून घ्या. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, तिथे भागलं नाही तर तिचंच अपील प्राधिकरण. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. यातल्या कुठल्याही टेबलावर ठेवायला ती आठवड्याची फाइल लागेलच. आज रात्री नऊला पहिली नोंद करा, त्या वेळी सगळं गाव ऑनलाइन असतं.