फीत थांबवा, प्रयोग करा

बेळगाव-निपाणी या सीमाभागातल्या मराठी शाळांत माध्यम मराठी आणि अभ्यासक्रम कर्नाटकाचा. त्यामुळे महाराष्ट्रात तयार झालेले व्हिडिओ धड्यांच्या क्रमाशी जुळतीलच असे नाही. पण अपूर्णांक किंवा प्रकाशाचे अपवर्तन राज्यागणिक बदलत नाही. असे व्हिडिओ हव्या त्या धड्याला जोडता येतात: सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी क्यूआर कोडने पुस्तक व्हिडिओंना जोडले. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. अरविंद गुप्ता यांच्या टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणाऱ्या फितीही मराठीत आहेत. पडद्यासमोर मुले नुसती बघत बसतात, हा आक्षेप खराच आहे. म्हणूनच अपवर्तनाच्या फितीत पेन्सिल पाण्यात बुडण्याआधी फीत थांबवावी, ती कशी दिसेल ते मुलांना विचारावे, मग पेला वर्गातच भरावा. कोणत्या धड्याला कोणती फीत, ही यादी सीमाभागातल्या शिक्षकांनीच करावी आणि त्यासाठी शिक्षण खात्याने त्यांना वेळ द्यावा.